माटुंग्याची प्रयोगशाळा आणि बीडचा कापूस

दिवाळीच्या आगेमागे गेवराई-माजलगावच्या काळ्या रानांत कापूस फुटतो आणि नेमक्या त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. गावात माणूस उरत नाही. वेचणीला बाया मिळवण्यासाठी शेतकऱ्याला दारोदार फिरावं लागतं आणि किलोमागचा दर दरवर्षी चढतच जातो. एवढ्या पायपिटीनंतर घरी आलेला कापूस टेम्पोत भरून बाजारात नेला, की खरेदीदार त्यातली मूठभर उचलतो, दोन्ही हातांच्या चिमटीत चार तंतू ओढून पाहतो आणि भाव सांगतो. वर्षाच्या कष्टाचा निकाल तिथे लागतो.

तो निकाल डोळ्यांच्या आणि बोटांच्या अंदाजावर न राहता मोजमापावर लागावा, यासाठी मुंबईत माटुंग्याला शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोगशाळा सुरू झाली. आज तिला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणतात. कापसाच्या व्यवहारात ती ‘सिरकॉट’ या नावानं ओळखली जाते. ३ डिसेंबर २०२४ रोजी तिला शंभर वर्षं पूर्ण झाली. संस्थेच्या इतिहासात संचालकांची नावं, इमारती, यंत्रं यांना जागा मिळतेच. हा इतिहास मात्र एका कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातून पाहिलेला आहे. बोंडातून निघालेला कापूस गाठीत बांधला जाईपर्यंत त्याचं काय काय होतं आणि त्या वाटेवर या संस्थेनं कुठे हात दिला, एवढंच इथे मांडायचं आहे.

गोष्ट सुरू होते ती भेसळीपासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानचा कापूस जगाच्या बाजारात बदनाम होता. लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा मिसळायचा, वजन वाढवायला पाणी मारायचं, एका मुलखाचा माल दुसऱ्या मुलखाच्या नावानं विकायचा, असे प्रकार सर्रास चालत. सरकारनं १९१७ साली मॅकेना यांच्या अध्यक्षतेखाली कापूस समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी उभी राहिली. पुढे १९२३ मध्ये कापसावरच्या उपकराचा आणि कापूस वाहतुकीचा असे दोन कायदे झाले, तर १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला. प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि क्रमांक घालणं या शेवटच्या कायद्यानं बंधनकारक केलं. माल कुणी बांधला हे गाठीवरून कळलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. आज ‘कस्तुरी कॉटन’ या भारतीय कापसाच्या ब्रँडच्या गाठींचा माग संगणकावर ठेवतात, त्याचं मूळ या कायद्यात आहे असं मला वाटतं.

उपकराच्या पैशातून कमिटीनं जी कामं हाती घेतली, त्यांपैकी सर्वांत टिकाऊ ठरलेलं काम म्हणजे १९२४ ची टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी. पहिले संचालक आर्थर जेम्स टर्नर. प्रयोगशाळेच्या पोटात एक छोटी सूतगिरणीच होती. कृषी खात्याच्या शेतांवर नवं वाण तयार झालं, की त्याची थोडीशी रुई माटुंग्याला यायची. पिंजण्यापासून कताईपर्यंत सगळ्या क्रिया तिथे होत आणि त्या रुईचं किती बारीक सूत निघेल, ते किती ताण सोसेल, हे आकड्यांत सांगितलं जाई. त्याआधी नव्या वाणाची परीक्षा उत्पन्नावर आणि व्यापाऱ्याच्या शेऱ्यावर व्हायची. एकरी चार मण जास्त देणारं पण गिरणीत न चालणारं वाण शेतकऱ्याच्या गळ्यात पडू नये, ही काळजी घेणारी जागा आता देशात तयार झाली.

टर्नर यांच्यानंतर १९३१ मध्ये नझीर अहमद संचालक झाले. केंब्रिजला रदरफोर्ड यांच्या हाताखाली शिकलेला हा भौतिकशास्त्रज्ञ पुढची सुमारे चौदा वर्षं मुंबईत कापसाचे तंतू मोजत राहिला. तंतूची लांबी, जाडी, पक्वता आणि त्यापासून होणाऱ्या सुताची ताकद यांचा एकमेकांशी संबंध काय, हे त्यांच्या काळात नेटानं तपासलं गेलं. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि तिथल्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. अणूचं शास्त्र शिकून आलेल्या माणसानं उमेदीची वर्षं कापसाला द्यावीत, यावरून त्या काळी या पिकाचं वजन काय होतं ते कळतं.

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात. माटुंगा ब्रिटिश मुलखात. तरीही कॉटन कमिटीवर हैदराबादचं प्रतिनिधित्व होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. मराठवाड्याचा ‘गावरानी’ कापूस देशी वाणांमध्ये उत्तम समजला जाई. नांदेडच्या संशोधन केंद्रानं या गावरानीतून निवड करून सुधारित वाणं काढली आणि त्यांची पारख माटुंग्याच्या कसोटीवर होत राहिली. आमच्या भागातल्या वयस्क शेतकऱ्यांच्या तोंडी गावरानी कापसाचं कौतुक अजून आहे. त्याची मुळं खोल जातात, तो कमी पाण्यावर तग धरतो, त्याला फवारणी फारशी लागत नाही, असं ते सांगतात. या कौतुकाला प्रयोगशाळेच्या आकड्यांचाही आधार होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

रेल्वेचं एक दुखणं बीडच्या कापसाला कायम राहिलं. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली आणि तिच्या कडेला जालना, सेलू, मानवत ही कापसाची गावं भरभराटली. बीड शहर त्या वाटेपासून दूर राहिलं. तिथे प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरच्या मार्गावर. म्हणजे सव्वाशे वर्षं या शहराच्या आसपासचा कापूस आधी बैलगाडीनं आणि मग ट्रकनंच बाहेर गेला. सैल कापूस जागा फार अडवतो. तो जितका लांब न्यायचा तितकी वाहतूक महाग पडते. म्हणून सरकी वेगळी करणं आणि रुई दाबून गाठ बांधणं ही कामं शेताच्या जितकी जवळ होतील तितकं शेतकऱ्याच्या हिताचं. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या भागांत पुढे जिनिंग उभी राहिली, त्यांचं महत्त्व या दृष्टीनं पाहायला हवं.

फाळणीनं लांब धाग्याचा कापूस पिकवणारा सिंध आणि पंजाबचा बराच मुलूख पाकिस्तानात गेला, गिरण्या मात्र इकडे राहिल्या. मग देशात चांगल्या धाग्याचा कापूस वाढवण्याची घाई झाली आणि प्रयोगशाळेकडे येणाऱ्या नमुन्यांचा ओघ वाढला. १९६६ मध्ये ती भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली आणि १९९१ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. मधल्या काळात महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी आली. १९७१ च्या कायद्यानं आणि १९७२ पासूनच्या अंमलबजावणीनं कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, असा नियम झाला. त्या योजनेचे गुणदोष हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे सांगायचं ते इतकंच की, खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरनं लावलेल्या प्रतीवर एका पिढीचं घर चाललं, आणि प्रत लावण्याचं साधन तेव्हाही बोटं आणि डोळे हेच होतं.

आता जिनकडे वळू. खरं इंजिनिअरिंग तिथेच आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालतो तो डबल रोलर जिन. मॅकार्थी यांनी १८४० मध्ये काढलेल्या एका रुळाच्या यंत्राचा हा पुढचा अवतार. चामड्याच्या गोल चकत्या दांड्यावर गच्च बसवून केलेले दोन रूळ एकमेकांसमोर फिरत असतात. प्रत्येक रुळाला चिकटून एक स्थिर सुरी असते. रुळाचा पृष्ठभाग खरबरीत असल्यानं कापसाचे तंतू त्याला धरून सुरीखालून ओढले जातात. सरकी जाड, ती फटीतून जात नाही, सुरीशीच अडते. मध्ये हलणारी पाती तिला वरखाली ठोकत राहते, तंतू सुटले की सरकी खालच्या जाळीतून पडते आणि रुई रुळावरून पलीकडे उतरते. अमेरिकेत व्हिटनीच्या १७९३ च्या यंत्रापासून करवतीच्या दात्यांचा जिन रूढ झाला. त्याचा वेग मोठा, पण तंतूवर त्याचा मारही जास्त. आपला रूळ हळू चालतो, मात्र धाग्याची लांबी राखतो.

या यंत्राचं सगळं मर्म रुळात आहे. रूळ गुळगुळीत झाला की तंतू धरत नाही, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. चामडं झिजत जातं आणि त्याची पूड रुईत आणि हवेत मिसळते. हे चामडं क्रोमियम वापरून कमावलेलं असतं. जिनमध्ये दिवसभर कापूस टाकणाऱ्या बायांच्या आणि रुळाशी उभ्या राहणाऱ्या मजुरांच्या छातीत ती पूड जाते. कापसाची धूळ मुळातच वाईट. तिच्यामुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस असं नावच आहे. त्यात क्रोमियमची भर. या क्रोम चामड्याच्या जागी क्रोमियम नसलेले रबराचे रूळ बसवण्याचं काम सिरकॉटनं केलं. संस्थेच्या शंभर वर्षांतल्या कामांत मी ते फार वरचं मानतो. गाठीचा भाव त्यानं किती वाढला याचा हिशोब कुणी करो वा न करो, मजुराच्या श्वासाचा विचार यंत्राच्या आराखड्यात शिरला, ही साधी गोष्ट नव्हे. जुने रूळ अजून अनेक ठिकाणी फिरत आहेत, हेही तितकंच खरं.

जिन चालवणाऱ्या माणसाला शिकवायचं कुणी? फिटर बापाकडून किंवा वस्तादाकडून शिकायचा. रूळ आणि सुरी यांच्यातलं अंतर कानानं आणि हातानं जुळवायचा. १९८५ मध्ये संस्थेनं नागपूरला जिनिंग प्रशिक्षण केंद्र काढलं. तिथे चालत्या यंत्रावर फिटर, ऑपरेटर आणि मालक शिकतात. आफ्रिकेतल्या कापूस उत्पादक देशांतूनही माणसं तिथे येऊन गेली आहेत. संस्थेची मुंबईतली बाजू मोजणारी, तर नागपूरची घडवणारी. माझ्या मते नागपूरच्या केंद्रानं ही संस्था शेताच्या जवळ आणली.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारनं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्याच्या चौथ्या उपअभियानात देशभरातल्या आठशेहून अधिक जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचं आधुनिकीकरण झालं. त्याआधीच्या जिनचं चित्र आठवून पाहा. कापसाचे ढीग उघड्या मातीवर. त्यात कुत्री, शेळ्या, उडून आलेला पालापाचोळा. डोक्यावरच्या टोपल्यांनी कापूस यंत्रापर्यंत न्यायचा, रुई पुन्हा हातानं गोळा करून पसरायची, पाणी शिंपडून तुडवायची आणि मग प्रेसमध्ये भरायची. प्रत्येक उचलीला कचरा वाढायचा. आधुनिकीकरणानं सिमेंटचे ओटे आले, कापूस हवेच्या झोतानं नळ्यांतून जाऊ लागला, जिनच्या आधी कापूस आणि नंतर रुई साफ करणारी यंत्रं आली, ओलावा राखण्याची सोय आली. आता १७० किलोची गाठ माणसाचा हात फारसा न लागता बांधली जाते.

क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. हा रुईचा उतारा एक-दोन टक्क्यांनी वर-खाली झाला तरी मोठा फरक पडतो, पण तो भावात धरून शेतकऱ्याला क्वचितच सांगितला जातो.

उतारा आणि प्रत या दोन्हींचा शत्रू म्हणजे ओलावा. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि १२ टक्क्यांवर माल परत जातो. सकाळच्या दंवात वेचलेला कापूस थेट गाठोड्यात बांधला तर तो या मर्यादेत बसत नाही. ओला कापूस ढिगात दाबून ठेवला की आतून तापतो, सरकी खराब होते, रुईचा पांढरेपणा जाऊन ती पिवळट पडते. कोरडा कापूस मात्र भाव चढेपर्यंत ठेवता येतो, आणि आमच्याकडे तो ठेवतातही. कुठे? राहत्या घरात. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत डिसेंबर-जानेवारीत मधली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली असते. शेजारच्या खोलीत मुलं अभ्यास करतात, पलीकडे चूल पेटते. कापसातल्या बारीक किड्यांनी अंगाला खाज सुटते, लहान लेकरांच्या अंगावर पुरळ उठतं. विजेच्या तारेची एक ठिणगी पडली तर काय होईल, या धाकात रात्री जातात. शेतकऱ्याला आपला कापूस तीन महिने सुरक्षित ठेवता येईल अशी स्वस्त जागा गावात असणं, हा कापूस तंत्रज्ञानाचा राहिलेला धडा आहे. गहू-सोयाबीनला गोदाम मिळतं, तारण कर्ज मिळतं; कापसाला बहुधा मधली खोलीच.

कचऱ्याची गोष्टही घरापासूनच सुरू होते. खताच्या पोत्याचा एक प्लॅस्टिकचा दोरा, गुटख्याची पुडी, डोक्यावरून गळालेला केस; हे एकदा रुईत गेलं की जिनमध्ये त्याचे तुकडे होतात आणि सुतातून विणून निघालेल्या कापडावर ते रंग न घेता डाग बनून दिसतात. म्हणून वेचताना डोक्याला फडकं बांधा, गाठोडं सुती कापडाचं वापरा, पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा चांगला कापूस आणि नंतरचा हलका, कवडी कापूस वेगळा ठेवा, असं तज्ज्ञ सांगत आले आहेत. पण वेगळा ठेवलेला माल वेगळ्या भावानं घेणारा भेटला नाही, तर बाई तरी दोन गाठोडी कशासाठी बांधेल?

सरकी आणि पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर रानात उरलेली कापसाची झाडं, यांच्या बाबतीत संस्थेचं काम व्यवहाराच्या बरंच पुढे आहे. सरकीवरचे आखूड तंतू आणि टरफल न काढता ती अख्खी घाण्याला लावली, की बरंच तेल पेंडीत राहून जातं. आधी ते तंतू आणि टरफल काढून मग तेल काढण्याची पद्धत शास्त्रीय. त्यात तेलही जास्त मिळतं आणि त्या आखूड तंतूंनाही मोल येतं. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून पेंड कोंबड्यांना बेतानंच घालावी लागते. ते कमी करण्यावरही संस्थेत काम झालं. पऱ्हाटीचं गणित आणखी मोठं आहे. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. तिच्यापासून फर्निचरच्या फळ्या बनवण्याचं तंत्र सिरकॉटनं बसवलं. बॉयलरसाठी कांड्या, कंपोस्ट, अळिंबीसाठी भूस असे उपयोगही दाखवून दिले. आमच्याकडे पऱ्हाटी अजून चुलीत जाते किंवा बांधावर जळते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ती रानात उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो, आणि २०१७ साली त्या अळीनं कापसाचं केवढं नुकसान केलं हे या जिल्ह्याला विचारायला नको. पऱ्हाटी विकत घेणारा कारखाना जवळ असता, तर शेत वेळेवर मोकळं करा असं सांगायची वेळ कृषी सहायकावर आली नसती.

शंभर वर्षांचा लेखाजोखा मांडताना एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. मोजमाप वरून खाली आलं, पण पूर्ण खाली आलं नाही. आज गाठ बांधल्यावर तिच्या नमुन्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर (तंतूच्या जाडीचं आणि पक्वतेचं माप), कचरा हे सगळं यंत्र काही मिनिटांत सांगतं. गिरणी त्या आकड्यांवर गाठ घेते. केंद्राचा हमीभावही धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर यांवर ठरतो. २०२४-२५ साठी तो मध्यम धाग्याला क्विंटलला ७,१२१ आणि लांब धाग्याला ७,५२१ रुपये होता. कागदावर चारशे रुपयांचा फरक आहे. पण गावात टेम्पो घेऊन येणाऱ्या खरेदीदारापुढे शेतकऱ्याला आपल्या कापसाची लांबी ठाऊक नसते आणि सिद्ध करायला साधन नसतं. मोजणीचा लाभ गिरणीला झाला, जिनला झाला, निर्यातदाराला झाला. ज्याच्या रानात तो धागा वाढला, त्याच्या हाती अजून आकडा नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं बीडच्या कापूस उत्पादकांची संस्थेपुढे एक मागणी आहे. वेचणीच्या हंगामात गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर इथल्या बाजार समित्यांत ओलावा आणि धाग्याची लांबी तपासून लेखी चिठ्ठी देणारं केंद्र चालवा. या तालुक्यांतल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांमधल्या मुलामुलींना नागपूरच्या केंद्रात त्यासाठी तयार करा. आणि शेतकरी भावाबहिणींनो, या हंगामात कापूस विकायला नेताना पहिल्या वेचणीचा माल वेगळा बांधा, घेणाऱ्याला ओलावा मोजून दाखवायला सांगा, आणि रुईचा उतारा किती पडला ते जिनमध्ये जाऊन विचारून या.